समुद्रावरचं सत्र : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अख्खं सत्र जहाजावर राहून, बंदरामागून बंदर घेत शिकायचं, अशा अभ्यासक्रमांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. या प्रकारातला सर्वांना माहीत असलेला उपक्रम म्हणजे अमेरिकेतला 'सेमिस्टर ॲट सी'. तो १९६३ साली 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' या नावानं सुरू झाला आणि २०१५ पासून 'वर्ल्ड ओडिसी' हे जहाज वापरू लागला. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९२६ मध्ये 'रिंडॅम' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० विद्यार्थी न्यूयॉर्कजवळच्या होबोकन बंदरातून जगप्रदक्षिणेला निघाले होते. खालची उत्तरं मोठ्या प्रवासी जहाजावरच्या सत्राला धरून आहेत. शिडाच्या जहाजाचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

प्रश्न : मला बससुद्धा लागते. तीन-साडेतीन महिने जहाजावर कसे निघतील? गोळी नेमकी केव्हा घ्यायची?

बस लागणाऱ्याला बोट लागतेच असं नाही, पण शक्यता जास्त असते. तेव्हा तयारीनं जा. आतला कान मेंदूला सांगत असतो की आपण हलतोय, आणि केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. पोटात काही बिघडलेलं नसतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. बंदरात चार-पाच दिवस काढून जहाज पुन्हा सुटलं की पहिला दिवस परत जड जाऊ शकतो, हेही धरून चाला.

सर्वांत जास्त चूक होते ती गोळीच्या वेळेत. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, त्यामुळे गोळी पुढे सरकत नाही आणि बरेचदा उलटीतून बाहेर पडते. म्हणून गोळी जहाज सुटण्याआधी एक-दोन तास घ्यायची. मेक्लिझिन, सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेट ही नेहमीची औषधं. डायमेनहायड्रिनेटची ५० मिलिग्रॅमची गोळी चार ते सहा तास पुरते, पण चांगलीच झोप आणते. स्कोपोलामिनची चकती मिळाली तर ती कानामागे, निघण्याच्या किमान ४ तास आधी लावायची. ती ७२ तास काम करते. चकती लावल्यावर हात साबणानं धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि दिवसभर अंधुक दिसतं. काचबिंदू असलेल्यांनी किंवा लघवीला अडथळा होत असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. कुठलंही औषध निवडलंत तरी निघण्याआधी घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन पाहा. किती गुंगी येते हे पहिल्या तासाला वर्गात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

केबिन निवडायची मुभा असेल तर जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची मागा. पुढचं टोक लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा तिथल्या केबिन कित्येक मीटर वर-खाली जातात. मधली जागा त्यामानानं कमी हलते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. त्यांनी जहाजाचं डावी-उजवीकडे कलंडणं कमी होतं, पुढून लाट घेऊन वर-खाली होणं नाही. म्हणून 'जहाजाला स्टॅबिलायझर आहेत' एवढ्यावर विसंबून गोळ्या घरी ठेवू नका.

आधीच लागली असेल तर उघड्या डेकवर मधोमध जाऊन क्षितिजाकडे बघत उभे राहा. पुस्तक नको, फोन नको. बाहेर जाता येत नसेल तर पाठीवर पडून डोळे मिटा. पोट रिकामं ठेवलं तर त्रास वाढतो, म्हणून कोरडी बिस्किटं, टोस्ट असं थोडं थोडं खा आणि जलसंजीवनी घोटा-घोटानं प्या. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद होत असेल, तर जहाजावरच्या दवाखान्यात जा. तिथे इंजेक्शन देतात आणि बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. केबिनमध्ये एकट्यानं सोसत पडून राहण्यात काहीच शहाणपण नाही.

प्रश्न : वर्ग रोज असतात का? आणि घड्याळ बदलत राहिलं तर वेळापत्रक कसं सांभाळायचं?

वर्ग भरतात ते जहाज समुद्रात असेल त्या दिवशी. बंदरात वर्ग नाही. 'सेमिस्टर ॲट सी'चा एक प्रवास शंभराहून थोडे जास्त दिवस चालतो आणि त्यातले साधारण निम्मे दिवस समुद्रावर जातात. अभ्यासाचे दिवस 'अ' आणि 'ब' असे आलटून-पालटून येतात. अर्धे विषय 'अ' दिवशी, उरलेले 'ब' दिवशी. रविवार हा प्रकारच नसतो. जहाज चालू असेल तर रविवारीही सकाळी तास असतो.

पुष्कळजण इथेच फसतात, कारण ते आठवडे मोजतात. जवळजवळच्या दोन बंदरांत दोनच दिवसांचं अंतर असतं, आणि महासागर ओलांडताना सलग आठ-नऊ दिवस पाणीच पाणी. 'तीन आठवड्यांनी निबंध द्यायचा आहे' हे ऐकायला निवांत वाटतं, पण त्या तीन आठवड्यांत दोन देश आले तर हातात त्या विषयाच्या वर्गाचे जेमतेम सहा दिवस उरतात. पहिल्याच दिवशी कागदावर तारखा मांडा, बंदराचे दिवस खोडा आणि उरलेल्या दिवसांवर वाचन आणि लेखन वाटून टाका. बंदरात बसून निबंध लिहीन, असं मनात धरू नका. कोणी लिहीत नाही.

आता घड्याळ. पृथ्वीवर १५ रेखांश म्हणजे एक तास. जहाज पश्चिमेला जात असेल तर काही रात्री घड्याळ एक तास मागे घेतात आणि झोपेला एक तास जास्त मिळतो. पूर्वेला जाताना उलट होतं, दिवस २३ तासांचा होतो. पॅसिफिक पूर्वेकडे ओलांडताना असे छोटे दिवस पाठोपाठ येतात. सकाळी आठचा तास शरीराला पहाटेचा वाटू लागतो आणि वर्गात पेंगणाऱ्यांची संख्या वाढते. यावर उपाय एकच : पूर्वेच्या प्रवासात रोज रात्री अर्धा-पाऊण तास आधी झोपायला जा, दुपारची डुलकी वीस मिनिटांवर थांबवा. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना पूर्वेला जाणाऱ्यांना तीच तारीख दोनदा मिळते, पश्चिमेला जाणाऱ्यांची एक तारीख गायब होते. काही सादर करण्याची मुदत त्या तारखेच्या आसपास असेल तर प्राध्यापकांना आधीच विचारून ठेवा.

फोनच्या घड्याळावर भरवसा ठेवू नका. समुद्रात फोन विमान-मोडवर असतो, त्यामुळे त्याला बदल कळत नाही. बंदराजवळ आल्यावर तो किनाऱ्यावरची वेळ पकडतो, आणि ती जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. साधं मनगटी घड्याळ घ्या आणि त्यावर कायम जहाजाची वेळ ठेवा.

प्रश्न : परीक्षेच्या दिवशीच समुद्र खवळला तर?

परीक्षा बहुधा होतेच. लाटांमुळे वर्ग रद्द करायचे ठरवलं तर महासागरावरचा अर्धा अभ्यासक्रम बुडेल. खुर्च्या सरकतात, पेन घरंगळतं, पडद्यावरचं चित्र हलतं. खोलीच्या मधल्या भागात बसा, खिडकीशेजारी नको. लिहिताना दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करून दूर बघा. गुंगी आणणारी गोळी परीक्षेच्या आधी तासभर घेऊ नका. आदल्या रात्री झोपताना घ्या. खरंच उभं राहवत नसेल तर परीक्षा सुरू होण्याआधी दवाखान्यात नोंद करा. पेपर अर्धा सोडून आल्यावर सांगितलेलं कारण कोणालाच पटवणं अवघड जातं.

एक गोष्ट परीक्षेपेक्षाही कडक असते, ती म्हणजे प्रत्येक विषयाची बंदरातली अभ्यासभेट. ती एका ठरलेल्या बंदरात, एका ठरलेल्या दिवशी असते. चुकली तर पुन्हा घेता येत नाही, कारण जहाज तो देश सोडून गेलेलं असतं. बंदरातल्या स्वतःच्या सहली ठरवताना आधी या भेटींच्या तारखा लिहा, मग तिकिटं काढा.

प्रश्न : इंटरनेट किती मिळतं? सगळा अभ्यास ऑनलाइनच असतो हल्ली.

मिळतं, पण घरच्यासारखं नाही. जहाजाचं इंटरनेट उपग्रहावरून येतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत संदेश जाऊन त्याचं उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. खालच्या कक्षेतले उपग्रह काही शे किलोमीटरवर असल्यानं तो उशीर जवळपास जातो. तरीही एक जोडणी शेकडो जणांत वाटली जाते, आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की ती रांगते. काही अभ्यासक्रमांत प्रत्येकाला ठरावीक डेटा देतात आणि तो संपला की पैसे मोजावे लागतात.

म्हणून लागणारी पुस्तकं, लेख, शब्दकोश आणि नकाशे जमिनीवर असतानाच उतरवून घ्या. जहाजावर चढल्याबरोबर फोन आणि लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेट आणि फोटोंचा आपोआप होणारा साठा बंद करा. महिन्याचा डेटा एका रात्रीत संपतो तो बहुतेकदा यानंच, आणि मालकाला सकाळी कळतं. फोटो दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक केबिनमध्ये आणि एक सोबत. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असेल तर फोन चुकूनही त्याला जोडू देऊ नका. ते रोमिंगमध्ये धरलं जातं आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. विमान-मोड चालू ठेवून फक्त वायफाय लावा.

प्रश्न : केबिनमध्ये काय न्यावं, काय नेऊ नये?

केबिन लहान असते. दोघं एकाच वेळी कपडे घालू लागले की एकाला पलंगावर बसावं लागतं. बॅग घडी होणारी, कापडी घ्या. ती पलंगाखाली सरकते, कडक सूटकेस सरकत नाही. भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे आठ-दहा हुक फार उपयोगी पडतात. टोपी, ओळखपत्र, ओला टॉवेल, पिशव्या सगळं भिंतीवर जातं. आतल्या केबिनला खिडकी नसते आणि दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो, म्हणून बॅटरीवरचा छोटा दिवा हवा. बुटांना न घसरणारा तळवा हवा. ओल्या डेकवर सपाट चपला धोकादायक असतात.

सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, तो चढतानाच काढून घेतात. त्याला कारण आहे. जहाजाच्या वीजव्यवस्थेची घडण घरच्यापेक्षा वेगळी असते. तिच्यातली एकही तार घरासारखी जमिनीशी जोडलेली नसते. जमिनीवरच्या जोडणीसाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर अशा ठिकाणी तापून पेट घेऊ शकतो. इस्त्री, किटली, मेणबत्ती, पाणी तापवायची कांडी यांनाही मनाई असते. समुद्रात अग्निशमन दलाला फोन करता येत नाही, आग विझवायची ती जहाजावरच्याच माणसांनी. अनेक यूएसबी खाचांचा साधा चार्जर आणि प्लग बदलणारा अडॅप्टर पुरतो.

दाराबद्दल एक सूचना, जी प्रत्येक प्रवासात कोणाला तरी उशिरा कळते : दाराच्या चौकटीवर बोटं टेकवून उभे राहू नका. जहाज कलंडलं की जड दार आपोआप धाडकन मिटतं आणि बोटं चिरडतात. दार धरायचं ते मुठीनं, आणि दुसरा हात कठड्यावर. खवळलेल्या रात्री झोपण्याआधी ड्रॉवर लावा, लॅपटॉप जमिनीवर पिशवीत ठेवा, पाण्याची काचेची बाटली टेबलावर ठेवू नका.

केबिनमधल्या सोबत्याशी पहिल्याच रात्री चार गोष्टी बोलून घ्या : दिवा किती वाजता मालवायचा, गजर किती वेळा वाजू द्यायचा, पाहुणे केव्हा आणायचे, ओले बूट कुठे ठेवायचे. महिन्यानंतर यातलं काही बोलायला गेलं की ते भांडण होतं. तरीही पटलं नाही तर विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाकडे लवकर जा. रिकामी केबिन क्वचितच असते, पण अदलाबदल जमवता येते.

प्रश्न : शौचालयात टिश्यू टाकायला बंदी असते असं ऐकलं. खरं का?

जहाजावरचा शौचालयाचा कागद चालतो. ओले पुसणे (वेट वाइप्स), सॅनिटरी पॅड, कापूस, उरलेलं अन्न यांतलं काहीही चालत नाही. ही शौचालयं हवेच्या खेचणीवर चालतात, नळ्या अरुंद असतात आणि एका नळीवर बऱ्याच केबिन असतात. एका ओल्या पुसण्यानं सगळ्या ओळीची शौचालयं बंद पडतात. पिण्याचं पाणी बरंचसं समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून जहाजावरच बनतं. ते पिण्यास योग्य असतं, पण बनवायला इंधन लागतं, म्हणून अंघोळ आटोपशीर करा. कपडे पिशवीत भरून जहाजाच्या धुलाईला द्यावे लागतात. रोजचे छोटे कपडे बेसिनमध्ये धुता येतात. त्यासाठी लवकर वाळणारं कापड घ्या, जीन्स चार दिवस ओलीच राहते.

प्रश्न : आजारी पडलो तर? आणि रोजची औषधं किती न्यावीत?

संपूर्ण प्रवासाची न्या, वर दोन आठवड्यांची जास्त. बंदरात तेच औषध मिळेल याची खात्री नसते, आणि टपालानं मागवलेलं औषध जहाज सुटल्यावर पोचतं. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव हवं. प्रवासातल्या प्रत्येक देशाचा नियम तपासा. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्फेटामिन असलेल्या गोळ्या जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. हे निघण्याआधी कळलं तर डॉक्टर पर्याय सुचवू शकतात.

लसीकरण वेळेत करा. पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. घानासारखा देश ते येणाऱ्या प्रत्येकाकडे मागतो. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून आलात की पुढचे काही देशही ते मागतात, त्यामुळे बंदरांचा क्रम बघा. हिवतापाच्या गोळ्या त्या देशात उतरण्याआधी सुरू करायच्या असतात आणि बाहेर पडल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. बरेचजण जहाजावर परतल्यावर त्या बंद करतात. ते चूक आहे. यकृतात लपलेले जंतू उशिरा रक्तात उतरतात.

जहाजावर सर्वांत भराभर पसरतो तो नोरोव्हायरसचा जुलाब-उलटीचा आजार. हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला तो फारसा दाद देत नाही, म्हणून जेवणाआधी साबण आणि पाण्यानं वीस सेकंद हात धुवा. उलटी-जुलाब दोन्ही सुरू झाले तर बोट लागली असं स्वतःच ठरवू नका, दवाखान्याला कळवा. एक-दोन दिवस केबिनमध्ये बसवतील, वर्ग बुडेल. लपवलं तर आठवड्यात अर्धा वर्ग आडवा होतो.

मोठी शस्त्रक्रिया जहाजावर होत नाही. गंभीर रुग्णासाठी जहाज वाट बदलून जवळच्या बंदराकडे जातं, आणि किनारा हेलिकॉप्टरच्या टप्प्यात असेल तरच हेलिकॉप्टर येतं. म्हणून विम्यात 'वैद्यकीय स्थलांतर' आहे ना, हे शब्दशः वाचून घ्या.

प्रश्न : सुरक्षेची कवायत कंटाळवाणी असते म्हणतात. चुकवली तर चालते का?

चालत नाही, आणि चुकवू नये. 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तो सोलास. १ जानेवारी २०१५ पासूनच्या त्याच्या नियमानुसार नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. आधी २४ तासांची मुभा होती. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'ला जानेवारी २०१२ मध्ये अपघात झाला तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती.

इशारा असतो सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि शेवटी एक लांब. तो ऐकला की उबदार कपडे, बंद बूट, रोजचं औषध आणि लाइफ जॅकेट घेऊन जिन्यानं तुमच्या मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमण्यासाठी ठरवून दिलेल्या जागी, जायचं. लिफ्ट वापरायची नाही. स्टेशनचा क्रमांक केबिनच्या दारामागे आणि बहुधा ओळखपत्रावरही असतो. केबिनपासून दूर असाल तर जॅकेट आणायला उलटं जाऊ नका, स्टेशनवर जास्तीची जॅकेट असतात. जॅकेटचे पट्टे लोंबू देऊ नका, मागच्याचा पाय त्यांत अडकतो. पहिल्या दिवशी मोकळ्या वेळात केबिनपासून स्टेशनपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी चालून जा, आणि एकदा वाटेतली वळणं मोजत जा. धुरात दिसत नाही, मोजलेलं लक्षात राहतं. आपोआप मिटणाऱ्या जलरोधक दारातून ते मिटत असताना कधीही घुसू नका. ते अडलं म्हणून थांबत नाही.

कोणी पाण्यात पडताना दिसलं तर ओरडा, जवळची तरंगती कडी फेका आणि हाताचं बोट त्या माणसाकडे रोखून धरा. नजर हलवू नका. लाटांत डोकं एकदा हरवलं की पुन्हा सापडणं फार कठीण. दुसऱ्याला पळत निरोप द्यायला पाठवा, तुम्ही बघत राहा.

प्रश्न : बंदरातून परत यायला उशीर झाला तर जहाज थांबतं का? व्हिसाचंही सांगा.

थांबत नाही. धक्क्यावरची जागा, वाटाड्या आणि ओढणाऱ्या बोटी यांची वेळ ठरलेली असते. विद्यार्थ्यांना जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधीची परतीची वेळ दिलेली असते. तिच्यानंतर आलात पण जहाज अजून धक्क्याला असेल, तर घेतात, मात्र पुढच्या बंदरात काही तास जहाजावरच बसावं लागतं. जहाज सुटलं असेल तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चानं जायचं, आणि त्या देशात विमानानं शिरण्याचा व्हिसा तुमच्याकडे असेल तरच.

म्हणून शेवटच्या दिवशी बंदराच्या शहराबाहेर राहू नका. दुसऱ्या शहरातून विमानानं परतायचं असेल तर आदल्या दिवशीचं विमान घ्या. परतीच्या दिवशी सकाळचं विमान 'पुरेसं' वाटतं, ते रद्द झालं की दुसरा मार्ग उरत नाही. खिशात एक कागद ठेवा : बंदराचं आणि धक्क्याचं नाव स्थानिक लिपीत, जहाजाच्या स्थानिक एजंटचा फोन, वकिलातीचा फोन, परतीची वेळ. मोठ्या बंदरांत प्रवासी धक्के अनेक असतात आणि टॅक्सीवाला चुकीच्या धक्क्यावर सोडतो, हे सर्रास होतं. बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंत आणखी अर्धा तास जाऊ शकतो. उशीर होणार असं दिसताक्षणी एजंटला फोन करा, पोचल्यावर नव्हे.

पासपोर्ट बहुतेक वेळ जहाजाच्या कार्यालयात असतात. काही देशांत उतरताना तो सोबत लागतो, काहींत प्रत चालते, ते प्रत्येक बंदराआधी सांगतात. प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने वैधता आणि पुरेशी कोरी पानं हवीत. व्हिसा किती वेळा प्रवेश देतो ते बघा. समजा जहाज स्पेनला, मग मोरोक्कोला आणि मग पोर्तुगालला जात आहे. मोरोक्को शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणून पोर्तुगालचा प्रवेश दुसरा धरला जातो. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा तिथे संपलेला असतो.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. निभाव लागेल का? सोबत काय नेता येईल?

लागेल. शाकाहार, ॲलर्जी हे सगळं अर्जातच लिहा. चढल्यावर पुन्हा एकदा जेवणघराच्या प्रमुखाला भेटून सांगा, कारण अर्जातली माहिती स्वयंपाकघरापर्यंत पोचलीच असेल असं नाही. लांबच्या टप्प्यात हिरवा पाला आणि नाजूक फळं आधी संपतात. शेवटच्या दिवसांत कोबी, गाजर, बटाटे, सफरचंद आणि कडधान्यं उरतात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ, मसाला, लोणचं चालतं. बंदरातून ताजी फळं, मांस, बिया आणू नका. कीड आणि रोग येतात म्हणून जहाजही अडवतं आणि पुढचा देशही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर न सांगता नेलेल्या एका सफरचंदालाही दंड होतो.

प्रश्न : शिडाच्या जहाजावरचा अभ्यासक्रम आणि हा, यांत फरक काय?

जमीन-अस्मानाचा. प्रवासी जहाजावर तुम्ही प्रवासी असता, शिडाच्या जहाजावर तुम्ही खलाशी. विद्यार्थी बहुधा वीस-तीसच असतात, तीन गटांत विभागलेले, आणि जहाज चोवीस तास त्यांच्या पाळ्यांवर चालतं. जुन्या पद्धतीत पाळी चार तासांची, मग आठ तास मोकळीक. संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन-दोन तासांच्या दोन तुकड्यांत मोडतात, म्हणजे रोज तीच माणसं मध्यरात्री अडकत नाहीत. पाळीत सुकाणू धरणं, पुढे उभं राहून टेहळणी, दर तासाला इंजिनघर आणि तळात साचलेलं पाणी तपासणं, शिडं ओढणं-उतरवणं, भांडी घासणं हे सगळं येतं. सागरविज्ञानाचा अभ्यासक्रम असेल तर जाळं सोडून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गोळा करणं, खोलीनुसार पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणंही पाळीतच.

झोप तुकड्यातुकड्यांत मिळते, तिची सवय व्हायला आठवडा जातो. मोकळीक मिळताच झोपा, गप्पा नंतर. पुष्कळ देश बघायचे असतील तर प्रवासी जहाज घ्या. समुद्र शिकायचा असेल तर आम्ही शिडाचं जहाज सुचवू, आणि ते अंगमेहनतीची तयारी असलेल्यालाच.

प्रश्न : मुलगी अशा प्रवासाला निघाली आहे. ती कुठे आहे हे आम्हाला घरी कसं कळणार? फोन आला नाही तर काय करायचं?

प्रवासी जहाजाला एआयएस नावाचं यंत्र बंधनकारक असतं. ते जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत प्रसारित करतं आणि संकेतस्थळांवर ते दिसतं. पण किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं. त्यापुढे उपग्रहावरून माहिती घ्यावी लागते आणि बहुतेक ठिकाणी तिचे पैसे पडतात. मोफत पानावर जहाज महासागराच्या काठाशी तीन दिवस थांबलेलं दिसलं, तर ते थांबलेलं नाही. तुमची माहिती तीन दिवस जुनी आहे. जागेशेजारी लिहिलेली वेळ आधी वाचा.

मुलीशी ठरवताना 'रोज फोन' असं ठरवू नका, इंटरनेट अडलं की घरात रडारड होते. त्याऐवजी प्रत्येक बंदरात उतरताना एक आणि परत चढल्यावर एक, असे दोन लेखी निरोप ठरवा. चढल्याचा निरोप जास्त महत्त्वाचा, आणि तो जहाजाच्या वायफायवरून जातो. बंदरातून बाहेर रात्र काढणार असेल तर राहण्याचं ठिकाण आणि सोबतच्या एकाचा फोन तिनं आधी कळवावा. घरात एका कागदावर बंदरांच्या तारखा, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख-क्रमांक), विम्याचा क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि संस्थेचा चोवीस तास चालणारा फोन लिहून ठेवा. घरी काही तातडीचं घडलं तर मुलीच्या फोनवर वारंवार प्रयत्न करत बसू नका, संस्थेच्या त्या क्रमांकावर सांगा. तिथून निरोप थेट जहाजावर जातो आणि तिला कोणीतरी समोर बसवून सांगतं.